हात लावायला एक योगिनी

जबलपूरच्या अंध मुलींच्या त्या शाळेची सहल दर वर्षी जानेवारीत भेडाघाटला जायची, आणि दर वर्षी ती धुआंधार धबधब्यापाशीच संपायची. मुली कठड्याला धरून उभ्या राहायच्या, नर्मदेचा आवाज ऐकायच्या, तोंडावर तुषार घ्यायच्या, गरम भजी खायच्या आणि परत यायच्या. सुखदा दाणी त्या शाळेत इतिहास शिकवायची. तिला ही सहल कधीच पुरी वाटली नव्हती. धबधब्याच्या अलीकडेच टेकडीवर चौसष्ट योगिनींचं देऊळ आहे, हजारेक वर्षांपूर्वीचं, कलचुरी राजांच्या काळातलं. पुस्तकात त्यावर दोनच ओळी होत्या. सुखदा त्या दोन ओळी आठवडाभर शिकवायची.

त्या वर्षी तिने हट्टच धरला.

"शंभराच्या वर पायऱ्या आहेत," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"शाळेचा जिना मुली रोज चढतात. तिथे जरा जास्त वेळ चढतील."

मुली चढल्याही. एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून, हसत, दमत, मध्येच एखाद्या पायरीवर बसकण मारत सगळ्या वर पोचल्या. वर मोठं गोल आवार आहे. मधोमध गौरीशंकराचं देऊळ, डोक्यावर उघडं आभाळ आणि कडेने वाटोळी ओवरी. त्या ओवरीत ओळीने योगिनी बसल्या आहेत. कुणाला हात नाही, कुणाला नाक नाही, कुणाचं तर डोकंच नाही. जवळपास सगळ्याच फोडलेल्या. सुखदाने मुलींना ओवरीजवळ आणलं आणि पहिल्या योगिनीपासून सांगायला सुरुवात केली.

अपूर्वा पुढे होती. तिचे वडील गन कॅरेज फॅक्टरीत होते, घरी मराठी, बाहेर हिंदी, त्यामुळे सुखदाशी ती दोन्हीची सरमिसळ करून बोलायची. तेरा वर्षांची, उंच, कशालाही चटकन हात घालणारी. सुखदा बोलत असतानाच तिने हात पुढे केला. दगडाला बोटं लागणार एवढ्यात पहारेकरी लगबगीने आला.

"बिटिया, हाथ मत लगाना."

तो ओरडला नाही. उलट अवघडून म्हणाला. सुखदाने त्याला बाजूला घेऊन विनवलं, फक्त एकीला, फक्त एकदा, हलक्या हाताने. त्याने मान हलवली. "मॅडम, रोज इतके लोक येतात. प्रत्येकाचं हलकं हलकं लागलं तरी दगड झिजतो. हाताचा घाम, तेल सगळं बसतं त्याच्यावर. तुमच्या मुलींना हो म्हटलं तर बाकीच्यांना काय सांगू?"

तो बरोबर बोलत होता, आणि ते सुखदाला ठाऊक होतं. परत येऊन तिने बोलणं पुढे चालू केलं. ही बसलेली आहे, हिच्या पायाशी पक्षी आहे, हिचा उजवा हात तुटला आहे. मुली शहाण्यासारख्या ऐकत होत्या. थोड्या वेळाने अपूर्वा म्हणाली, "मॅडम, हे सगळं तर तुम्ही क्लासमध्ये पण सांगितलं होतं. मग इतक्या पायऱ्या चढून काहून आलो आपण?"

तिच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता. खरंच तिला जाणून घ्यायचं होतं.

घरी आल्यावर तिने चहा घेता घेता नवऱ्याला सगळं सांगितलं. रत्नाकर रेल्वेतून नुकताच निवृत्त झाला होता आणि नेपियर टाउनच्या त्या दोन खोल्यांत दिवसभर काहीतरी दुरुस्त करत बसायचा. त्याने मिक्सरचं भांडं खाली ठेवलं.

"परवानगी माग ना वरच्या ऑफिसातून."

"मागते. पण मिळणार नाही, अहो. आणि मिळाली तर पुढच्या वर्षी परत मागा, त्याच्या पुढच्या वर्षी परत. मुलींना मन भरेपर्यंत हात फिरवता आला पाहिजे. पाच मिनिटं सोडल्यासारखं करून काय उपयोग?"

"मग काय करून राहिली तू आता?"

"तेच बघून राहिले," सुखदा म्हणाली.

परवानगी खरोखर मिळाली नाही. पुरातत्त्व खात्याचं उत्तर अगदी सभ्य होतं. रत्नाकरच्या एका मित्राचा मुलगा इंजिनिअरिंग कॉलेजात शिकत होता. त्याने फोटोंवरून एक योगिनी मशीनवर छापून दिली. प्लॅस्टिकची, मुठीत मावेल एवढी. सुखदाने ती वर्गात फिरवली. मुलींनी ती चाचपली, कानाशी हलवून पाहिली. सलोनी नावाची एक लहानखुरी मुलगी म्हणाली, "साबणाची वडी आहे वापरलेली." सगळा वर्ग हसला. सुखदाही हसली, कारण ते खरंच होतं. नाक, डोळे, दागिने सगळं गुळगुळीत होऊन एकमेकांत मिसळलं होतं. वजन नाही, गारवा नाही.

दगडच हवा, हे त्या दिवशी तिने मनाशी पक्कं केलं.

भेडाघाटला दगड घडवणाऱ्यांना तोटा नाही. धुआंधारकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना दुकानंच दुकानं. शिवलिंगं, नंदी, गणपती, अगरबत्तीची घरं, नावं कोरून दिलेल्या किल्ल्यांच्या साखळ्या. पुढच्या रविवारी सुखदा मेट्रो बसने गेली आणि एकेक दुकान करत चालत राहिली. बहुतेकांना टेकडीवरच्यासारखी योगिनी घडवायला नको होती, त्यात वेळ फार. शेवटी एकाने हल्केरामचं नाव सांगितलं. त्याचं दुकान नव्हतं, रस्त्यापासून आत एक पत्र्याची शेड होती. बाहेर अर्धवट घडलेला नंदी पडला होता, आणि आत एक साठीच्या आसपासचा माणूस भुवया-मिशांवर पांढरी धूळ घेऊन बसला होता.

बोलणं हिंदीत झालं. हल्केरामची हिंदी इकडच्या बुंदेली वळणाची होती, सावकाश आणि ऐसपैस. सुखदाने मोबाइलवर फोटो दाखवला. वरच्या मूर्तीच्या अर्ध्या आकाराची करायची. पांढऱ्या मऊ दगडात नाही, वरच्यासारख्या खरखरीत वाळूच्या दगडात.

"बलुआ," हल्केराम म्हणाला. "मिळेल. वेळ लागेल, पण होईल."

"आणि जशी आहे तशीच करायची."

"तशीच म्हणजे?"

"हे तीन हात तुटलेले. नाक नाही, ओठ नाहीत. सगळं असंच."

हल्केरामने मोबाइल तिच्या हातात परत दिला. "मैडमजी, खंडित मूर्ती मी घडवत नाही. घडलेली मूर्ती खंडित झाली तर आम्ही नर्मदेत सोडतो. हातानं कोण घडवेल? माझ्या बापानं नाही केलं ते."

"ही पूजेची नाही. शाळेतल्या मुलींना हात लावून बघायला हवी आहे."

"मग चांगली, पुरी बघू दे की त्यांना. आधीच देवानं डोळे दिले नाहीत, त्यात तुम्ही तुटकं काहून दाखवता? मी सुंदर करून देतो. बोटं लागली की खूश होतील."

सुखदाला राग आला, पण तो तिने आत ठेवला. तिने विचार करून उत्तर दिलं. "हल्केराम भैया, त्यांना सगळेच सुंदर करून सांगतात. घरातले सांगतात, शेजारचे सांगतात, आम्ही मास्तर लोक पण सांगतो. जे आहे ते जसंच्या तसं कुणी हातात देत नाही. मला ते द्यायचं आहे."

हल्केराम बराच वेळ नंदीच्या पाठीवरची धूळ झटकत राहिला. मग म्हणाला, "नाही जमणार, मैडमजी."

त्यानंतरच्या रविवारी ती परत गेली. त्याच्याही पुढच्या रविवारी गेली. एकदा सोबत पुस्तक नेलं, एकदा वर्गातल्या मुलींचा आवाज मोबाइलवर ऐकवला, एकदा नुसतीच बसून त्याचं काम पाहत राहिली. हल्केरामची बायको शकुनबाई तिला चहा द्यायची आणि लांब जाऊन बसायची. तिला हा विषयच पटत नव्हता. देवाचे हात तोडून विकायचे, असं ती एकदा सुखदाला ऐकू जाईल इतपत मोठ्याने म्हणाली. घरी रत्नाकर म्हणाला, "सिहोऱ्याकडे पण आहेत ना मूर्तिकार. दुसरा कुणी बघ." सुखदा म्हणाली, "दुसरा लगेच हो म्हणेल आणि कशीही तोडून देईल. ह्याला मूर्ती तोडायची लाज वाटते, म्हणून तर हाच हवा."

होळी होऊन गेल्यावरच्या एका रविवारी हल्केरामनेच विषय काढला.

"मी पुरी घडवीन," तो म्हणाला. "नाक, ओठ, चारी हात, सगळं. मग तोडायचं ते तुम्ही तोडा. माझ्या हातून ते होणार नाही."

"चालेल," सुखदा म्हणाली. काय कबूल केलं ते तिला बसमध्ये बसल्यावर कळलं.

काम सुरू झालं. रविवारी सकाळी दोघं टेकडी चढायचे. हल्केराम लहानपणी त्या ओवरीत लपाछपी खेळला होता, पण घडवायच्या नजरेने तो पहिल्यांदाच बघत होता. हात लावायचा नाही, तेव्हा डोळ्यांनी आणि दोरी लांबून धरून अंदाज घ्यायचा. पहारेकऱ्याने पहिले दोन रविवार त्यांच्यावर नजर ठेवली. तिसऱ्या रविवारी तोच उन्हाचा अंदाज सांगायला लागला. "सकाळी लवकर या, तेव्हा ह्या बाजूची नक्षी उठून दिसते."

सुखदाने निवडलेली योगिनी एका कमळावर बसलेली होती, एक पाय दुमडलेला, एक खाली सोडलेला. खाली एक पक्षी होता, इवलासा, पण शाबूत. त्याच्याखाली तिचं नाव कोरलेलं, अर्धं झिजलेलं. चारपैकी एकच हात उरला होता, मांडीवर टेकलेला. बाकीचे तीन कोपरापासून किंवा खांद्यापासून गेलेले. प्रश्न असा होता की त्या गेलेल्या हातांत होतं तरी काय? हल्केराम म्हणाला, त्रिशूळ. सुखदाने पुस्तकं आणली, दुसऱ्या देवळांतल्या योगिनींचे फोटो आणले. एका हातात वाटी असणार, हे तिने दाखवून दिलं. दुसऱ्यात काय, यावर दोघांचं बरेच दिवस जमलं नाही. तिसऱ्याबद्दल हल्केरामचं म्हणणं होतं की तो हात वर उचललेला होता, खांद्याचा स्नायू तसा ताणलेला आहे. सुखदाने पाहिलं. तिला तो स्नायू तोवर दिसलाच नव्हता. मग तिलाही पुस्तकात तसा हात सापडला.

जे तोडायचं आहे त्यावर आपण इतके भांडतो आहोत, हे दोघांच्याही लक्षात आलं होतं.

पावसाळ्यात नर्मदेतल्या नावा बंद झाल्या, प्रवासी आटले, आणि हल्केरामला भरपूर वेळ मिळाला. शेडमध्ये पत्र्यावर पाऊस वाजत असायचा आणि खाली त्याची छिन्नी. सुखदा शाळेत मुलींना काम कुठवर आलं ते सांगायची. आता गुडघा झाला. आता गळ्यातला हार झाला. अपूर्वा विचारायची, "नाक झालं का?" आणि सुखदा म्हणायची, "नाक होणार आहे, पण राहणार नाही." मुलींना हे भलतंच आवडलं होतं.

दसरा झाल्यावर हल्केरामचा फोन आला.

सुखदा गेली तेव्हा शेडच्या मधोमध, पोत्यावर, योगिनी बसलेली होती. सुखदा दारातच थांबली. चेहरा तिने कुठल्याच पुस्तकात पाहिला नव्हता. ओठ किंचित उघडे, बोलता बोलता थांबल्यासारखे. वर उचललेला हात आणि त्याची बोटं इतकी बारीक की त्यांच्यातून पलीकडचा उजेड दिसत होता. कपाळावर हळदकुंकू होतं आणि मांडीवरच्या हातापाशी एक तांबडं जास्वंद. शकुनबाईने रोज ठेवायला सुरुवात केली होती. ती आत्ता शेडच्या मागच्या भिंतीशी पाठ करून बसली होती.

"झाली," हल्केराम म्हणाला.

"फार सुंदर झाली," सुखदा म्हणाली.

"अशीच घेऊन जा, मैडमजी. मी कुणाला सांगणार नाही. पोरी हात फिरवतील, खूश होतील."

ते सोपं होतं. मुलींना पुढेमागे कळलंही नसतं. सुखदाने मूर्तीकडे पाहिलं आणि तिच्या मनात आलं, वर ओवरीत ही अशी एकही नाही. मुली हिला हात लावतील, आणि मग आयुष्यभर टेकडीवर अशा अखंड बायका बसल्या आहेत असं समजून चालतील. त्यांना जे माहीत होईल ते खोटं असेल, आणि ते आपण दिलेलं असेल.

"हातोडी द्या," ती म्हणाली.

हल्केरामने हातोडी दिली आणि तो वळून बाहेर बघत उभा राहिला. सुखदाने जास्वंद उचलून बाजूला ठेवलं. पदराने कुंकू पुसलं, ते पुरतं निघालं नाही. मग तिने उचललेल्या हातावर घाव घातला. हात तुटला नाही. मनगटावर एक पांढरा ओरखडा उठला आणि एक बोट उडून पोत्यावर पडलं. दुसरा घाव तिने फारच जोरात घातला. हात खाली आला, पण त्याबरोबर एक भेग खांद्यावरून सरसरत गळ्यातल्या हारापर्यंत गेली. सुखदाने तिसऱ्यांदा हातोडी उचलली.

"थांबा," हल्केराम म्हणाला. आवाज ऐकून तो वळला होता. "अशानं सगळी फुटेल. काही उरणार नाही."

"मग काय करू? तुम्ही तर नाही म्हणालात."

त्याने हातोडी तिच्या हातातून काढून घेतली. तो मूर्तीसमोर उकिडवा बसला. भेगेवर बोट फिरवलं. मग बायकोला हाक मारली. "शकुन, पाणी आण. हिचं कुंकू धू."

"तुम्ही तोडणार?" शकुनबाई जागची हलली नाही.

"पूजा बसवली नाही हिची. मंत्र झाले नाहीत. अजून दगडच आहे." हे तो बायकोला सांगत होता की स्वतःला, ते सुखदाला कळलं नाही. "आणि तोडायचीच तर वरच्यासारखी तुटली पाहिजे. मी काय इतके महिने वर बघून आलो ते असल्या तुटण्यासाठी?"

शकुनबाईने पाण्याचा लोटा आणून त्याच्या शेजारी आदळला आणि ती घरात निघून गेली. हल्केरामने स्वतःच कुंकू धुतलं. मग छिन्नी लावून तो कामाला बसला. कोपरापासूनचा हात त्याने एका बाजूने कापत आणून मग टोला दिला, तेव्हा तो वरच्यासारखाच तिरका तुटला. नाक तोडताना त्याने एकदा डोळे मिटून घेतले आणि परत उघडले. ओठांना तो सर्वांत शेवटी आला. सुखदा शेवटपर्यंत तिथेच उभी राहिली. तिला बसावंसं वाटत होतं, पण बसणं बरोबर दिसलं नसतं.

काम झाल्यावर हल्केरामने गळून पडलेले तुकडे फडक्यात गोळा केले. "हे मी नदीत सोडतो," तो म्हणाला. आणि खांद्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ही भेग वरच्या बाईला नाही. ही तुमची. ह्याला इलाज नाही."

"राहू द्या," सुखदा म्हणाली.

पुढच्या आठवड्यात रत्नाकरने एक छोटा हाथी टेम्पो ठरवला. चार माणसांनी योगिनी चढवली, आणि रत्नाकर मागे तिच्याजवळ बसून, तिला दोन्ही हातांनी धरून, जबलपूरपर्यंत आला. शाळेत थोडी कुरबूर झाली. खंडित मूर्ती आवारात नको, असं एका शिक्षिकेने म्हटलं. मुख्याध्यापिकेने बराच विचार करून तिला इतिहासाच्या वर्गात ठेवायला सांगितलं, देवघराच्या उलट्या बाजूला. सुखदाने तेवढ्यावर तडजोड केली.

मुली दोघीदोघी करून पुढे आल्या. सलोनीने पहिल्यांदा दोन्ही तळवे दगडावर ठेवले आणि म्हणाली, "किती गार आहे." मग तिला पक्षी सापडला आणि ती तिथेच अडकली. त्याची चोच, पंख, पंखावरच्या रेघा. बाकीच्या तिला पुढे हो म्हणून ढकलायला लागल्या. खाली हल्केरामने वरच्यासारखीच अक्षरं कोरली होती. ह्या मुलींची अक्षरं ठिपक्यांची. नागरी अक्षर कसं असतं ते त्यांतल्या कित्येकींना ठाऊकच नव्हतं. सुखदाने एकेकीचं बोट धरून त्या खाचेतून फिरवलं. "हे श्री आहे."

"एवढं मोठं? एका अक्षराला?" एकीने विचारलं.

अपूर्वा घाई न करता वर सरकत होती. गुडघा, मांडी, मांडीवरचा हात. त्या हाताची बोटं तिने एकेक करून तपासली. मग दुसरा हात शोधायला गेली आणि तिची बोटं कोपराशी येऊन थांबली.

तुटलेल्या जागेचा दगड खरखरीत होता, बाकीचा गुळगुळीत. अपूर्वाने ती खरखर सगळीकडून चाचपली. मग चेहऱ्याकडे गेली. डोळे होते. त्यांच्याखाली काही नव्हतं.

"मॅडम," ती म्हणाली, "तुम्ही 'तुटलेली' म्हणत होत्या ना, तेव्हा मला वाटायचं कप तुटतो तसं. जोडता येईल असं काहीतरी." तिने हात परत कोपराशी नेला. "हे तसं नाही आहे."

"नाही," सुखदा म्हणाली.

"कोणी केलं?"

"त्याच्या गोष्टी पुष्कळ सांगतात. मला नक्की माहीत नाही, म्हणून मी सांगत नाही."

अपूर्वाचा हात खांद्यावर आला आणि भेगेत शिरला. तिने ती हारापर्यंत माग काढत नेली. "हे वेगळं आहे. हे पण वरच्यासारखं आहे का?"

"ती वरची नाही," सुखदा म्हणाली. "ती माझ्या हातून झाली. मूर्ती आधी अख्खी होती. मी तोडायला गेले आणि मला नीट तोडता आलं नाही. बाकीचं मूर्तिकाराने केलं."

मुलींना हे नवीनच होतं. सगळ्या एकदम बोलायला लागल्या. कशाने तोडलं? आवाज कसा आला? तुकडे कुठे गेले? सुखदाने जमेल तशी उत्तरं दिली. मग अपूर्वाने विचारलं, "तोडताना तुम्हाला कसं वाटलं?"

सुखदाला पटकन काहीतरी बरं सांगता आलं असतं. वाईट वाटलं म्हटलं असतं तर ते खोटं नव्हतं. पण जे आहे ते जसंच्या तसं द्यायचं, असं हल्केरामला ती जे बोलली होती, ते तिला सोडत नव्हतं.

"पहिल्यांदा भीती वाटली," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा मारलं ना, तेव्हा..." तिने शब्द शोधला. "तेव्हा बरं वाटलं. क्षणभर. म्हणूनच तिसऱ्यांदा उचलली होती हातोडी. त्यांनी थांबवलं."

सलोनीने पक्ष्यावरचा हात काढला नव्हता.

"अच्छा," अपूर्वा सावकाश म्हणाली. "म्हणजे तोडणाऱ्याला पण असंच होत असेल. एकदा सुरू केलं की."

"असेल."

तास संपल्याची घंटा झाली. पुढचा तास संगीताचा होता, आणि मुलींना तो फार आवडायचा. सुखदाने दोनदा सांगितलं, पण कुणी उठलं नाही. शेवटी संगीताच्या बाई स्वतःच बघायला आल्या, आणि मग त्याही चपला बाहेर काढून मुलींच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

त्या रविवारी सुखदा परत भेडाघाटच्या बसमध्ये बसली. पर्समध्ये दुसऱ्या एका योगिनीचा फोटो होता. हिला डोकंच नव्हतं, पण खाली बसलेली माणसं शाबूत होती, हात जोडलेली, त्यांतल्या बायकांचा अंबाडासुद्धा दिसावा इतकी. अजून कितीतरी बाकी होत्या, आणि टेकडीवरचं ते गोल आवार मुलींच्या हातात यायचं तर निदान चार-पाच तरी हव्यात, असा तिचा हिशोब होता. पैसा कुठून आणायचा ते तिला माहीत नव्हतं. त्याचं बघता येईल. मुख्याध्यापिकेने एव्हाना शेजारची खोली रिकामी करून द्यायचं कबूल केलं होतं, ते आधी पक्कं करून घ्यायला हवं होतं.

शकुनबाई दारातच भेटली. चहा विचारला नाही, पण आत जा म्हणून मानेने खुणावलं. हल्केराम शेडमध्ये एका नव्या दगडावर पाणी ओतून त्याच्या शिरा बघत बसला होता. सुखदाने फोटो दाखवला. त्याने तो हातात घेऊन उजेडाकडे धरला, खूप वेळ.

"पोरी काय म्हणाल्या?" त्याने विचारलं.

सुखदाने सांगितलं. अपूर्वा काय म्हणाली ते सांगितलं, आणि आपण काय उत्तर दिलं तेही. हल्केरामने फोटो धोतराला पुसून शेजारच्या फळीवर ठेवला.

"हिचं डोकं कसं होतं ते आधी ठरवावं लागेल," तो म्हणाला. "पुस्तकं घेऊन या. आणि मैडमजी, ह्या वेळी हातोडी मी तुमच्या हातात देणार नाही."